मुदतवाढ नको, १ एप्रिल द्या

प्रति,
माननीय सदस्य, केंद्रीय परिषद,
इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, नवी दिल्ली

सांगली, डिसेंबर २०२५

स. न. वि. वि.

१० डिसेंबर एकदाचा होऊन गेला. ऑडिट लागणाऱ्या पार्ट्यांची, म्हणजे अशिलांची, आयकर रिटर्न भरून झाली, भिंतीलगत रचलेल्या पिशव्या आपापल्या मालकांकडे परत गेल्या आणि जुलैनंतर पहिल्यांदा माझ्या टेबलाची काच दिसली. जीएसटीची वार्षिक रिटर्न अजून व्हायची आहेत, त्यांना ३१ डिसेंबर आहे. तरी मधल्या या चार दिवसांत, रिटर्नचे फॉर्म वेळेवर यावेत आणि आमच्या हाताखालच्या मुलांच्या रात्री वाचाव्यात म्हणून, हे पत्र लिहून काढतोय, कारण जानेवारी लागला की मीही विसरेन. आपण सगळेच दर वर्षी विसरतो.

मी वखारभागात सतरा वर्षं प्रॅक्टिस करतो. आम्ही दोन पार्टनर, चार आर्टिकल (म्हणजे हाताखाली सीएचं प्रशिक्षण घेणारी मुलं) आणि तीन पगारी माणसं. पार्ट्या म्हणाल तर मार्केट यार्डातले हळदीचे आणि बेदाण्याचे अडते, काही कंत्राटदार, काही डॉक्टर, दोन पतसंस्था, एक कोल्ड स्टोरेज. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावात अशी ऑफिसं आहेत. मोठ्या शहरांतल्या शेकडो माणसांच्या फर्म कशा चालतात ते मला आतून माहीत नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी मी बोलणार नाही. पण इन्स्टिट्यूटच्या चार लाखांहून जास्त सदस्यांत माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि आपली अनेक मुलं आर्टिकलशिप आमच्यासारख्या ठिकाणी करतात.

यंदा दिवाळीत माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय मला पुढचं काही मागण्याचा हक्क नाही.

आमच्याकडे दुसऱ्या वर्षाची एक आर्टिकल आहे. जत तालुक्यातल्या गावची, इथे विश्रामबागेत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. वसुबारसेच्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, ती रजेची चिठ्ठी घेऊन आली. पाडवा, भाऊबीज आणि पुढचा एक दिवस. तिचा भाऊ सैन्यात आहे, दीड वर्षानं सुटीवर आला होता आणि २५ तारखेला परत जायचा होता. मी म्हणालो, "लक्ष्मीपूजनाला जा, पण पाडव्याला हजर राहा. ३१ तारीख आहे, तुला माहीत आहे." ऑडिट रिपोर्टची मुदत तेव्हा ३१ ऑक्टोबर होती. तिनं वाद घातला नाही. चिठ्ठीची चौघडी केली आणि हातातल्या फाइलमध्ये ठेवून दिली.

भाऊबीजेच्या दिवशी, २३ तारखेला, दुपारी साडेतीनला तिचा भाऊच मोटारसायकलवरून ऑफिसात आला. ती तेव्हा एका कंत्राटदाराच्या ऑडिट रिपोर्टातलं कलम ४४ करत बसली होती. जीएसटी नोंदणी असलेल्यांकडून किती खर्च, नसलेल्यांकडून किती, अशी वर्षभराच्या व्हाउचरची वाटणी. आमच्या चहाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या फिल्टरशेजारी, तिनं त्याला ओवाळलं. ताटली खालच्या चहावाल्याची, निरांजन नव्हतं म्हणून बशीत कापूर, आणि कुंकू ऑफिसातल्या लक्ष्मीच्या फोटोपुढचं. तो वीस मिनिटं बसला. जाताना मला नमस्कार करून गेला. मला त्याच्याकडे नीट बघता आलं नाही.

२९ ऑक्टोबरला संध्याकाळी मोबाइलवर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश आला: ऑडिट रिपोर्टची मुदत १० नोव्हेंबर, रिटर्नची १० डिसेंबर. तिनं तो वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

भाऊबीज २३ ला, मुदत वाढली २९ ला. आपल्याकडे याला वरातीमागून घोडं म्हणतात.

तुम्ही म्हणाल, मुदतवाढीसाठी आम्ही निवेदनं दिली, पाठपुरावा केला. केला, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण मला आता ठामपणे वाटतं की आपण चुकीची गोष्ट मागतो आहोत. गेली कित्येक वर्षं आपल्या व्यवसायाची सगळी ताकद सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकच मागणी करण्यात जाते: तारीख वाढवा. तारीख वाढल्यानं काम कमी होत नाही, रात्री तेवढ्या वाढतात. शिवाय ती वाढणार की नाही, हे शेवटच्या घटकेपर्यंत कळत नसल्यानं प्रत्येक ऑफिस जुन्या तारखेचं धरूनच धावतं आणि धापा टाकत पोचल्यावर कळतं की मैल अजून पुढे आहे.

यंदाच्या तारखा एकापुढे एक लिहून पाहा. साध्या रिटर्नची मुदत ३१ जुलै. ती मे महिन्यातच १५ सप्टेंबर केली गेली, हे चांगलं झालं, कारण लोकांना दोन महिने आधी कळलं. मग १५ सप्टेंबरच्या रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढला. एकच दिवस! त्या रात्री आम्ही सगळे ऑफिसातच होतो, आणि बातमी आल्यावर कुणी घरी गेलं नाही, कारण आता उद्याही हेच करायचं होतं. ऑडिट रिपोर्टची मुदत ३० सप्टेंबर. राजस्थान आणि कर्नाटक उच्च न्यायालयांचे आदेश झाल्यावर २५ सप्टेंबरला ती ३१ ऑक्टोबर झाली, म्हणजे शेवटच्या पाच दिवसांत. मग २९ ऑक्टोबरला १० नोव्हेंबर. आदल्या वर्षीचंही तसंच. ऑडिट रिपोर्टला ७ ऑक्टोबर २०२४ पर्यंत, म्हणजे सात दिवस, आणि तेही सप्टेंबर संपता संपता. यांतल्या एकाही वाढीचा उपयोग कुणाला घरी जेवायला होत नाही.

आता मूळ दुखणं. यंदा रिटर्नचे फॉर्मच एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात जाहीर झाले. आयटीआर-२ आणि ३ या फॉर्मची युटिलिटी, म्हणजे ते भरण्याचं सॉफ्टवेअर, आली जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. भागीदारी फर्मना लागणारी आयटीआर-५ ऑगस्टमध्ये. ऑडिट रिपोर्टची युटिलिटी जुलैच्या उत्तरार्धात आली आणि ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा बदलली. ऑगस्टचा मध्य ते ३० सप्टेंबर, हातात उरला दीड महिना. त्यात गणपती २७ ऑगस्टला, घटस्थापना २२ सप्टेंबरला. त्यात ७ ला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१ रिटर्न, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीचंच ३बी, आणि हे दर महिन्याला, कुणासाठी न थांबता. एका सदस्याला ६० टॅक्स ऑडिटची मर्यादा इन्स्टिट्यूटनं घातली ती गुणवत्तेसाठी. पण तीच ६० ऑडिटं वर्षात करायची आणि दीड महिन्यात करायची, यांत किती फरक आहे हे आपल्याइतकं कोण जाणतं?

वेळ कमी पडला की ऑडिटमधून सगळ्यात आधी काय गळतं? तपासणी. आकडे भरायचे राहत नाहीत, बघायचे राहतात. एका वर्षी रात्री साडेबाराला मी सही केलेल्या रिपोर्टात कलम ३१ मधल्या रोखीच्या एका कर्जाच्या रकमेत शून्य कमी पडलं. अडत्याचं वय सत्तरीचं. रिपोर्ट त्यांच्याच लॉगिनमधून मान्य करायला लागतो म्हणून त्यांना त्या वेळी झोपेतून उठवलेलं. "तात्या, ओटीपी आला का?" "आलाय, पर चष्मा सापडंना." मग नातवानं वाचून दाखवला. त्यांनी आम्ही पाठवलेलं मान्य केलं, मी आर्टिकलनं भरलेलं मान्य केलं, आर्टिकल सकाळी नऊपासून भरत होता. पुढे नोटीस आली, खुलासा झाला, सुदैवानं निभावलं. पण यूडीआयएन, म्हणजे सहीबरोबरचा रिपोर्टचा ओळख क्रमांक, माझा होता. त्या वेळी जागे असलेल्यांपैकी दुसऱ्या कुणावर दोष ढकलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

टॅक्स ऑडिट आपल्याकडे आलं १९८४ च्या वित्त कायद्यानं, कलम ४४एबी. उद्देश असा की तपासनीसाला प्रत्येक वही उघडायला लागू नये, एका जाणत्या माणसानं ती आधीच पाहिलेली असावी. पाहिलेली. हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्ध्या झोपेत सही केलेल्या रिपोर्टचा सरकारला उपयोग नाही, पार्टीला नाही आणि आपल्याला तर धोकाच आहे.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी. येत्या वर्षापासून इन्स्टिट्यूटनं सप्टेंबरात मुदतवाढ मागणं थांबवावं आणि जानेवारीत १ एप्रिल मागावा. म्हणजे रिटर्नचे सगळे फॉर्म, ऑडिट रिपोर्टचे फॉर्म आणि त्यांच्या युटिलिटी १ एप्रिलला पोर्टलवर असाव्यात आणि हंगामात त्यांत बदल होऊ नये. आणि सोबत एक साधा नियम, अधिसूचनेत लिहिलेला: जी युटिलिटी जेवढे दिवस उशिरा येईल, त्या रिटर्नची मुदत तेवढेच दिवस आपोआप पुढे जाईल. निवेदन नको, याचिका नको, रात्री अकराला ट्विट नको. युटिलिटी ज्या दिवशी आली त्या दिवशीच गावातल्या शेवटच्या अकाउंटंटला बोटांवर मोजून आपली तारीख कळली पाहिजे.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये, कारण अर्धं एकदा झालेलं आहे. आयटीआर-१ आणि ४ चे फॉर्म डिसेंबर २०२३ मध्येच जाहीर झाले होते, आणि १ एप्रिल २०२४ ला, वर्षाच्या पहिल्याच दिवशी, आयटीआर-१, २, ४ आणि ६ भरता येत होते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं स्वतः ते अभिमानानं जाहीर केलं होतं, आणि तो अभिमान रास्त होता. त्या वर्षी ३१ जुलैपर्यंत ७ कोटी २८ लाख रिटर्न भरली गेली, मुदत वाढली नाही आणि आभाळही कोसळलं नाही. (त्यातली जवळपास ७० लाख एकट्या ३१ जुलैला भरली गेली, हा आपल्या लोकांच्या स्वभावाचा भाग. त्यावर पुढे येतो.) मग पुढच्याच वर्षी ती घडी का मोडली आणि ती पुन्हा कशी बसवायची, हे मंडळासमोर बसून विचारण्याचं बळ माझ्यात नाही. तुमच्यात आहे.

आणि हे याच वर्षी विचारायला हवं. येत्या १ एप्रिलपासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू होतोय. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाची रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्यानंच भरायची आहेत. म्हणजे येत्या हंगामात एकाच टेबलावर दोन कायदे असतील. जुन्याप्रमाणे रिटर्न आणि ऑडिट, नव्याप्रमाणे टीडीएस आणि आगाऊ कर, कलमांचे क्रमांक सगळे वेगळे. अशा वर्षी फॉर्म जुलैत आले तर काय होईल याचा विचार आत्ता डिसेंबरात करा, ही विनंती.

आमची एक जुनी आर्टिकल पुण्यात एका कंपनीत अमेरिकन रिटर्न करते. तिचा हंगाम फेब्रुवारी ते १५ एप्रिल. त्या दिवसांत तीही रात्री उशिरापर्यंत काम करते, तिथलं काम सोपं आहे असं मी म्हणत नाही. पण ती मला म्हणाली, "सर, इथे मुदत हवी असेल तर करदाता फॉर्म ४८६८ भरतो आणि त्याला १५ ऑक्टोबरपर्यंत सहा महिने मिळतात. कर मात्र १५ एप्रिललाच भरायचा. हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं." कराचा पैसा वेळेवर, कागदाला सवलत, आणि ती कुणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. आपल्याकडे तसंच्या तसं आणा असं माझं म्हणणं नाही. पण मुदत ही आधी माहीत असलेली गोष्ट असू शकते, एवढं तरी त्यावरून दिसतं.

खरी मुदतवाढ कशासाठी असते ते आम्ही सांगलीकरांनी पाहिलंय. ऑगस्ट २०१९ चा महापूर. त्या वर्षी रिटर्नची तारीख ३१ ऑगस्ट होती आणि कृष्णेचं पाणी शहरात शिरलेलं. गणपती पेठेतल्या दुकानांत चोपड्या चिखलात गेल्या, अडत्यांच्या पट्ट्या आम्ही दोऱ्यांवर वाळत घातल्या. अशा वेळी सरकारनं हात सैल सोडावा, त्यासाठीच तो अधिकार आहे. सॉफ्टवेअर वेळेवर न येणं हा पूर नव्हे.

इथवर सरकारचं झालं. आता आपल्या घरातलं.

आर्टिकलच्या कामाच्या वेळेबद्दल परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आठवड्याला ३५ तास, आणि ऑफिसची वेळ साधारणपणे सकाळी ९ च्या आधी सुरू होऊ नये व संध्याकाळी ७ च्या पुढे जाऊ नये. मी हे सतरा वर्षांपूर्वी वाचलं होतं. गेल्या आठवड्यात आमच्या बायोमेट्रिक मशीनवरची नोंद काढली आणि ते पुन्हा आठवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या चार आर्टिकलची बाहेर पडण्याची सरासरी वेळ रात्री ९ वाजून ५० मिनिटं. आठवड्याचे तास ६६. जतच्या त्या मुलीला ३० पैकी ११ रात्री आमच्या पगारी माणसानं स्कूटरवरून विश्रामबागेत सोडलं, कारण रिक्षा मिळत नव्हती. हे सगळं माझ्या ऑफिसात झालं, माझ्या डोळ्यांदेखत, आणि त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही असाच शिकलो, असंच मी म्हणत आलो. माझे प्रिन्सिपल, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी आर्टिकलशिप केली ते सीए, तेच म्हणत, बहुधा त्यांचेही.

२०२३ मध्ये तुम्ही नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली, किमान स्टायपेंड दुप्पट केला. दोन्ही निर्णय योग्य होते. पण दुप्पट करूनही आमच्यासारख्या शहरात सक्तीचा किमान आकडा एका खोलीच्या भाड्यात संपतो. आम्ही त्याहून जास्त देतो, अनेक जण देतात, तरी ते उदारपण म्हणून दिलं जातं, आणि उदारपणाच्या बदल्यात रात्र मागितली जाते. दोन वर्षांत मुलाच्या वाट्याला दोनच सप्टेंबर येतात. तो या व्यवसायाबद्दलचं मत त्या दोन सप्टेंबरांवरून बनवतो.

त्यात यंदापासून फायनलची परीक्षा वर्षातून तीनदा झाली: जानेवारी, मे, सप्टेंबर. मुलांना संधी वाढली, त्यांचं एक वर्ष वाया जाणं टळलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण यंदा सप्टेंबरची फायनल ३ ते १४ तारखेदरम्यान झाली. म्हणजे ज्यांचा अटेम्प्ट होता ते ऑगस्टभर अभ्यासाच्या रजेवर, आणि त्यांचं काम उरलेल्या मुलांच्या अंगावर. परीक्षा हलवा असं मी म्हणत नाही. तिन्ही परीक्षा, ऑडिटची मुदत आणि आर्टिकलचे तास हे तीन वेगवेगळ्या समित्यांचे विषय असतील, पण ते सगळे एकाच बावीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर एकाच महिन्यात येऊन बसतात. कुणीतरी ते एका कागदावर मांडून पाहायला हवं.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या फर्ममध्ये लागलेली सव्वीस वर्षांची सीए नोकरीच्या चार महिन्यांत गेली. तिच्या आईनं कंपनीला लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणाबद्दल त्या माउलीनं जे लिहिलं ते मी आमच्या ऑफिसात कुणाला मोठ्यानं वाचून दाखवू शकलो नाही. ती आमच्यातलीच होती. तीच परीक्षा, तीच आर्टिकलशिप. महिनाभर सगळे हळहळले. ती गेल्यापासून दोन सप्टेंबर येऊन गेले.

दर वर्षी जूनमध्ये इथल्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांशी बोलायला मला बोलावतात. पूर्वी मुलं विचारायची, पास व्हायला किती वेळ लागतो, प्रॅक्टिस जमायला किती वर्षं लागतात. आता विचारतात, "सर, सीए होऊन प्रॅक्टिस करायलाच लागते का?" हुशार मुलं सही करायच्या भानगडीत न पडता कंपनीत, बँकेत, पुण्या-मुंबईतल्या परदेशी कंपन्यांच्या केंद्रांत जायचं म्हणतात, आणि मी त्यांना चूक म्हणू शकत नाही. नोकरी हा कमी प्रतीचा मार्ग नाही. आपल्या व्यवसायानं देशातल्या कंपन्यांना उत्तम वित्त अधिकारी दिले आहेत. पण जत, तासगाव, कवठेमहांकाळच्या दुकानदाराला, द्राक्षबागायतदाराला, तिथल्या पतसंस्थेला हिशेब पाहणारा माणूस कुठून मिळणार? आमच्या शेवटच्या नऊ आर्टिकलपैकी प्रॅक्टिसमध्ये एकच राहिला. मुलींपैकी एकही नाही. त्यातल्या तिघी माझ्याहून चांगल्या ऑडिटर झाल्या असत्या. हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही, त्यांचे वर्किंग पेपर माझ्याकडे आहेत.

जतची ती मुलगी नोव्हेंबरात मला म्हणाली की आर्टिकलशिप झाली की ती कंपनीतच जाणार. मी कारण विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

पार्ट्यांबद्दलही लिहिलं पाहिजे, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. हळदीचा मुख्य हंगाम उन्हाळ्याअखेर सरतो. जून-जुलैत अडत्याकडे वेळ असतो. तरी पिशवी ऑफिसात येते गणपती उठल्यावर. बँकेची स्टेटमेंट अर्धी, उधारीची यादी तोंडी, आणि ४५ दिवसांत पैसे न दिलेल्या लघुउद्योगांची माहिती मागितली की, "ते तुम्हीच बघा साहेब." आम्ही घेतो, कारण नाही म्हटलं तर तो समोरच्या जिन्यावरच्या ऑफिसात जाईल आणि तिथला सीए दोन हजार कमी घेईल. ही भीती आपल्या प्रत्येकाच्या मनात आहे आणि तीच आपल्याला रात्री बसवते. यंदा आम्ही दोघा पार्टनरनी ठरवलंय की ऑडिटच्या पार्टीची संपूर्ण कागदपत्रं ३१ जुलैपर्यंत आली नाहीत तर त्या वर्षी ते काम घ्यायचं नाही, आणि हे पत्रकं छापून जानेवारीतच वाटायचं. दोन-तीन पार्ट्या जातील. जाऊ देत. पण १ एप्रिलला युटिलिटीच नसेल तर कुठल्या तोंडानं त्यांना सांगू की लवकर या? "फॉर्मच आला नाही की हो साहेब," हे त्यांचं उत्तर यंदा खरं होतं.

म्हणून पहिल्या मागणीला लागून दुसरी. आर्टिकलच्या तासांची नोंद प्रिन्सिपलकडे न ठेवता आर्टिकलनं स्वतः इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर दर आठवड्याला करावी, प्रिन्सिपलला ती दिसू नये, आणि पीअर रिव्ह्यूच्या वेळी, म्हणजे दुसरा सीए फर्मचं काम तपासतो तेव्हा, तपासणाऱ्यानं फर्मच्या हजेरीशी ती ताडून पाहावी. सातच्या नियमाला अपवाद लागतील, मला मान्य आहे. पण अपवादाचे दिवस मोजले जावेत आणि त्याबदल्यात सक्तीची बदली रजा मिळावी. सणाची रजा नाकारायची असेल तर प्रिन्सिपलनं लेखी कारण द्यावं. मला त्या दिवशी लिहून द्यावं लागलं असतं, तर "३१ तारीख आहे" एवढंच लिहिताना माझा हात नक्की थांबला असता.

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतील, यानं मुलं नाजूक होतील. मी त्यांच्या हाताखाली शिकलोय, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण मेहनत आणि जागरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला ऑडिटर घडतो तो लेजरकडे शांतपणे पाहून, "ही नोंद इथे का?" असं विचारून. हा प्रश्न रात्री अकराला कुणाला सुचत नाही, मलाही नाही.

आमच्या ऑफिसची जुलै ते डिसेंबर २०२५ ची हजेरीची नोंद, नावं काढून, मी परिषदेला वेगळी पाठवतोय. इथे माझं नाव देत नाही, कारण दिलं तर ती मुलगी लगेच ओळखू येईल. परिषदेच्या प्रतीत नाव आणि सदस्यत्व क्रमांक दोन्ही आहेत. अशीच नोंद तुम्ही देशभरातल्या दोनशे-तीनशे लहान-मोठ्या फर्मकडून मागवा. मागितली तर लोक देतील. ती घेऊन जानेवारीत प्रत्यक्ष कर मंडळासमोर बसा आणि सप्टेंबरातल्या वाढीऐवजी एप्रिलची तारीख घेऊन या. सांगलीहून दिल्लीला यावं लागलं तर मी स्वखर्चानं येईन, आणि येताना त्या मुलीलाही विचारेन, येतेस का म्हणून.

आपला,
सांगलीतील एक प्रॅक्टिसिंग चार्टर्ड अकाउंटंट